सुचत नाही, की सुचलेले टिकू दिले जात नाही?

पत्र

मी चव्वेचाळीस वर्षांची असून सांगलीतील एका सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करते. आमच्या हौशी नाट्यसंघासाठी मी आतापर्यंत दोन एकांकिका लिहिल्या आहेत. यंदा स्पर्धेसाठी प्रथमच दोन अंकी नाटक लिहायला घेतले आहे. वडील गेल्यानंतर दोघे भाऊ द्राक्षबाग आणि बेदाण्याचे शेड आपल्या नावावर करून घेण्यासाठी बहिणीकडे हक्कसोडपत्रावर सही मागतात, असा विषय आहे. वकील तो कागद वाचून दाखवतात, बहीण तो हातात घेते आणि पहिला अंक संपतो. दुसरा अंक मात्र काही केल्या पुढे सरकत नाही. रात्री घरात मालिका बघत जेवणे होतात, मग दहा ते बारा मी लॅपटॉप उघडून बसते. एक वाक्य लिहिते, ते मालिकेतले वाटते, पुसते. सुचते ते भलत्याच वेळी, पोळ्या लाटताना नाही तर स्कूटरवर. बँकेच्या प्रशिक्षणात एका चाचणीवरून मला सांगण्यात आले की माझा ‘डावा मेंदू’ प्रबळ आहे. उजवा मेंदू जागृत करण्याचे शिबिर त्याच प्रशिक्षकांचे असून शुल्क बारा हजार रुपये आहे. संघातले सहकारी म्हणतात, सगळे मिळून बसू आणि शेवट ठरवू. मुलगा म्हणतो, एआयला विचार, दहा शेवट देईल. नाटक पहिल्याच फेरीत पडले तर पुन्हा कोणी माझ्यावर विश्वास टाकणार नाही, ही धास्ती वेगळीच. मी आकड्यांतली बाई. माझ्यात ते मुळातच नाही का? (पुसण्याआधी वहीत उतरवून ठेवलेल्या काही सुरुवाती सोबत जोडल्या आहेत.)

— एक वाचक, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

शिबिराचे बारा हजार रुपये भरू नका. डाव्या-उजव्या मेंदूची ही कथा कोठून निघाली हे समजले की ती किती ताणली गेली आहे हेही लक्षात येते. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा सुमारे वीस कोटी मज्जातंतूंचा एक जाड पट्टा असतो. तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये झटका एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नये म्हणून शल्यचिकित्सकांनी हा पट्टा कापला होता, आणि अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकात जे प्रयोग केले, त्यांतून दोन अर्धगोलांची काही कामे वेगळी असल्याचे दिसून आले. बहुतेकांमध्ये भाषेचा मोठा भार डावा अर्धगोल उचलतो, तर आकृत्या जुळवण्यासारख्या काही कामांत उजवा सरस ठरतो. स्पेरींना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते रास्तच होते. परंतु ते निष्कर्ष पट्टा कापलेल्या मेंदूंवरचे होते. तुमचा पट्टा शाबूत आहे आणि दोन्ही बाजूंची देवाणघेवाण त्यातून अखंड चालू आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली ७ ते २९ वर्षे वयाच्या १,०११ व्यक्तींची मेंदूची स्कॅन-चित्रे तपासली, तेव्हा विशिष्ट कामांपुरती डावी-उजवी विभागणी त्यांना आढळली. एखाद्या माणसाची सगळी डावी किंवा सगळी उजवी बाजूच वरचढ असते, याला मात्र पुरावा मिळाला नाही. शिवाय प्रशिक्षणातल्या त्या चाचणीत तुमचा मेंदू कोणी पाहिला नव्हता, तुमची उत्तरे पाहिली होती. आधी दुखणे सांगणारा आणि मग त्यावरचे औषध स्वतःच विकणारा माणूस कसा ओळखावा, हे कर्ज विभागात बसणाऱ्या व्यक्तीला मी शिकवण्याची गरज नाही.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आणि अधिक महत्त्वाचा आहे, तो म्हणजे तुमच्या ‘आकड्यांतली बाई’ असण्याचा. हिशेब तपासणारे मन आणि कल्पना करणारे मन ही दोन वेगळी माणसे आहेत आणि आपल्या वाट्याला पहिलेच आले आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. मेंदूविज्ञानाने गेल्या पंचवीस वर्षांत जे दाखवले आहे ते या समजुतीच्या बरेचसे विरुद्ध जाते. मार्कस राईकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मेंदूतील अशा भागांचे वर्णन केले, जे आपण बाहेरचे काही ठरावीक काम करत नसताना अधिक सक्रिय असतात. जुन्या आठवणी उगाळणे, पुढे काय होईल याची चित्रे रंगवणे, दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज बांधणे, ही कामे चालू असताना हे जाळे जागे असते. त्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. याच्या जोडीला नियंत्रणाचे एक जाळे असते, जे उद्दिष्ट डोळ्यांसमोर धरून ठेवते, गैरलागू ते बाजूला सारते आणि चूक पकडते. तुमच्या नोकरीत दिवसभर खपते ते हेच. सामान्यतः एक चढले की दुसरे उतरते. पण रॉजर बीटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६३ व्यक्तींना स्कॅनरमध्ये असतानाच नेहमीच्या वस्तूंचे वेगळे उपयोग सुचवायला सांगितले, तेव्हा ज्यांची उत्तरे अधिक कल्पक ठरली त्यांच्या मेंदूत ही दोन्ही जाळी, आणि कशाकडे लक्ष द्यायचे हे ठरवणारे तिसरे जाळे, परस्परांशी अधिक घट्ट जोडलेली दिसली. या जोडणीवरून कल्पकतेचा जो अंदाज बांधता येतो तो ढोबळच असतो, म्हणून उद्या कोणी स्कॅन काढून तुम्हाला कल्पकतेचे प्रमाणपत्र देऊ लागला तर त्यालाही पैसे देऊ नका. मात्र एवढे खरे की तपासणारे मन हे कल्पनेचे वैरी ठरत नाही. ते तिचे भागीदार आहे.

मग अडते कोठे? माझ्या मते वेळेत. तुमच्याकडे तपासणी फार लवकर सुरू होते. तुम्हीच लिहिता की एक वाक्य लिहिते आणि पुसते. वाक्य कागदावर उतरून त्याच्या शेजारी दुसरे यायच्या आधीच त्याचा निकाल लागतो. चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन यांनी २००८ साली सहा जॅझ पियानोवादकांना स्कॅनरमध्ये छोटा कीबोर्ड देऊन वाजवायला लावले होते. पाठ केलेली चाल सोडून ते उत्स्फूर्त वाजवू लागले की स्वतःवर पहारा ठेवण्याशी संबंधित कपाळामागच्या बाजूच्या भागांतील हालचाल मंदावत असे, आणि आत्मकथनाशी जोडलेला मधला भाग अधिक सक्रिय होत असे. सहाच वादक होते, त्यामुळे यावर मोठी इमारत उभारू नये. शिवाय त्या वादकांच्या बोटांत वर्षानुवर्षांचा रियाज मुरलेला होता. पहारा उठवला तरी घर लुटले जाणार नाही, एवढी तयारी आधीच झालेली होती. तरीही निर्मितीच्या ऐन क्षणी पहारा सैल होतो आणि नंतर तो परत बसतो, हे चित्र बीटींच्या निष्कर्षांशी विसंगत नाही. दोन्ही कामे हवीत, ती एकाच श्वासात करायची नाहीत.

तुम्ही जोडलेल्या सुरुवाती मी दोनदा वाचल्या आणि माझ्या उत्तराचा मुख्य भाग त्यांच्याबद्दलच आहे. त्यांतली एक अशी: बहीण कागद टेबलावर ठेवते आणि म्हणते, “सही हवी ना? आधी बाबांच्या फोटोकडे बघून मागा.” हे वाक्य मालिकेतले आहे, यात तुमची परीक्षा अचूक आहे. दुसऱ्या एका सुरुवातीत ती कागद फाडते, तिसरीत रडत रडत सही करते, चौथीत फाडायला जाते आणि मोठा भाऊ तिचा हात धरतो. पण सहावी सुरुवात पाहा. तिच्यात बहीण काहीच करत नाही, ती कागद नीट वाचते आणि शांतपणे म्हणते, “दादा, यात माझे नाव चुकले आहे. आधार कार्डावर असे नाही. नावात फरक असला तर हे चालायचे नाही.” तुम्ही समासात ‘फार कोरडे, बँकेतल्यासारखे’ असे लिहून त्यावर आडवी रेघ मारली आहे.

ती रेघ खोडा. दोघा भावांना बहिणीच्या वाट्याची जमीन मोजता येते आणि तिचे कागदोपत्री नाव लिहिता येत नाही, ही गोष्ट फोटोकडे बघून मागा म्हणणाऱ्या दहा संवादांपेक्षा अधिक जखम करणारी आहे, आणि ती केवळ तुम्हालाच सुचू शकत होती. नावात फरक आहे म्हणून परत पाठवलेली प्रकरणे, माहेरचे नाव, सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावरचे नाव, अंगठा उमटवताना बाजूला बघणारी म्हातारी माणसे, हे तुम्ही रोज टेबलाच्या त्या बाजूने पाहता. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मटाने काव्यप्रकाशात काव्य कशातून जन्मते याची चर्चा केली आहे. जन्मजात शक्ती, लोकव्यवहार व शास्त्रे पाहून आलेली निपुणता आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास, ही तिन्ही एकत्र मिळून एकच कारण होते, सुटी सुटी होत नाही, असे तो आग्रहाने सांगतो. आपल्याकडे प्रतिभेची चर्चा बहुधा पहिल्या शब्दापाशीच थांबते. तुमच्या वहीतली सहावी सुरुवात दुसऱ्या शब्दातून आलेली आहे, आणि जिला तुम्ही उणीव समजता त्याच नोकरीतून आलेली आहे.

बाकीच्या सुरुवाती एकसारख्या का झाल्या, याचेही कारण आहे. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. माणसाला एक मेणबत्ती, काड्या आणि टाचण्यांनी भरलेली पुठ्ठ्याची छोटी पेटी देतात आणि मेणबत्ती भिंतीवर उभी बसवायला सांगतात. उपाय सोपा असतो: पेटी रिकामी करायची, टाचण्यांनी ती भिंतीला टोचायची आणि तिच्यावर मेणबत्ती ठेवायची. परंतु पेटी भरलेली दिली की कित्येकांना ती केवळ टाचण्या ठेवायची जागा वाटते आणि फळी म्हणून ती दिसतच नाही. तीच पेटी रिकामी करून वेगळी ठेवली तर उपाय कितीतरी अधिक जणांना सापडतो. तुमच्या नाटकात हक्कसोडपत्र ही भरलेली पेटी झाली आहे. तो कागद सहीसाठी आहे, असे एकदा डोक्यात बसले की बहिणीपुढे दोनच वाटा उरतात, सही करणे किंवा फाडणे, आणि या दोन्ही वाटा प्रेक्षकांनी शंभर वेळा पाहिलेल्या आहेत.

त्यातच तुम्ही लेखनाला बसता ते मालिका पाहून उठल्यावर. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग या संदर्भात वाचण्यासारखे आहेत. न सांडणारा कॉफीचा पेला तयार करा, असे काम देताना काही विद्यार्थ्यांना आधी नमुन्याचे चित्र दाखवले होते. त्या नमुन्यात नळी होती आणि नळी वापरू नका असे स्पष्ट सांगितलेलेही होते. तरी नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत नळ्या पुन्हा पुन्हा उगवल्या. समोर आलेले उदाहरण मनाला नकळत दावणीला बांधते आणि ‘असे करायचे नाही’ ही सूचना ते दावे सोडवायला पुरत नाही. मालिका वाईट म्हणून बंद करा, असे माझे म्हणणे नाही. घरच्यांचे जेवण तिच्याशिवाय होत नसेल तर होऊ दे. पण त्या ताटावरून उठून थेट संवाद लिहायला बसू नका.

आता करायचे काय ते सांगते. एका रविवारी सकाळी, लॅपटॉप न उघडता, एका कोऱ्या पानावर वर लिहा: या कागदाचे या घरात काय काय होऊ शकते? आणि खाली किमान पंचवीस गोष्टी लिहा, त्यांतली एकही न खोडता. सही होते आणि फाडला जातो या दोन पहिल्याच ओळींत येतील, येऊ द्या. नंतर कदाचित असे काही येईल की धाकट्याची बायको त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर बेदाण्याच्या पेट्यांचा हिशेब मांडते. चहा सांडून मुद्रांक खराब होतो आणि नव्या मुद्रांकाचे पैसे कोणी द्यायचे यावरून भाऊच आपापसांत भांडतात. साक्षीदार म्हणून बोलावलेला शेजारी सही करताना सहज विचारून जातो की तुमच्या आईचा हिस्सा कोणाकडे गेला. हे मी लिहिलेले तुम्ही वापरू नका, ते माझ्या डोक्यातले आहे आणि माझे डोके तुमच्या गावात वाढलेले नाही.

पंचवीस हा आकडा मी हट्टाने सांगते आहे. गिलफर्ड यांनी १९५० साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अध्यक्षपदावरून सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष झाल्याची तक्रार केली आणि त्यानंतर या विषयाला खरी चालना मिळाली. त्यांच्याच गटाने १९५७ साली दाखवले की माणूस एकामागून एक कल्पना सांगत जातो तेव्हा उशिरा येणाऱ्या कल्पना अधिक वेगळ्या असतात. सुरुवातीला येते ते सर्वांत जवळचे, सर्वांच्या ओठांवरचे. ते संपल्यावर मन दूरच्या आठवणींकडे वळते. गंमत अशी की आपल्याला याच्या उलट वाटत असते. ब्रायन लुकास आणि लोरन नॉर्डग्रेन यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लोकांची अपेक्षा अशी होती की बसून राहिले तर आपल्या कल्पनांचा दर्जा घसरत जाईल. प्रत्यक्षात तो टिकून राहिला किंवा वाढला. म्हणजे ‘आता काही उरले नाही’ असे वाटते, नेमक्या त्याच जागी पुढे काही उरलेले असण्याची शक्यता असते. तुम्ही तर पहिल्याच वाक्यापाशी परत फिरता आहात.

पोळ्या आणि स्कूटर यांविषयी. ग्रॅहॅम वॉलस या ब्रिटिश विचारवंताने १९२६ साली सर्जनाचे टप्पे सांगितले: तयारी, मग प्रश्न मनात मुरू देणे, मग एकदम उजेड पडणे आणि शेवटी पडताळणी. त्यांच्यासमोर आँरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाचे उदाहरण होते. एका किचकट प्रश्नाने प्वांकारे यांना जेरीस आणले होते. भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेले असता, कुतांस या गावी घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवतानाच उत्तर त्यांच्या मनात लख्ख उभे राहिले, आणि घरी परतल्यावर त्यांनी सवडीने ते पडताळून पाहिले. ही गोष्ट सांगताना लोक पायरीचाच भाग सांगतात, त्याआधीच्या मेहनतीचा सांगत नाहीत. युट सिओ आणि थॉमस ऑर्मरॉड यांनी २००९ साली अशा मुरवणीवरच्या ११७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा प्रश्न बाजूला ठेवल्याचा फायदा होतो हे दिसलेच, पण आधी प्रश्नाशी जितकी अधिक झटापट केलेली असेल तितका तो फायदा वाढतो असेही दिसले. शब्दांशी निगडित प्रश्नांत, मधल्या काळात काहीच न करण्यापेक्षा किंवा डोक्याला ताण देणारे काम करण्यापेक्षा, फारसे लक्ष न मागणारे काम अधिक उपयोगी पडले. पोळ्या लाटणे हे तसे काम आहे. हात गुंतलेले, डोळ्यांना ठरावीक तेवढेच बघायचे आणि मन रिकामे. म्हणून टेबल सोडून नुसत्या पोळ्या लाटून चालणार नाही, आणि टेबलापाशी बसून काही होत नाही म्हणून ते बसणे वायाही गेलेले नाही. पोळ्यांपाशी जे सुचते त्याचे भाडे टेबलानेच भरलेले असते.

मार्क बीमन आणि जॉन कूनिऑस यांनी शब्दकोडी सोडवणाऱ्या लोकांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या, तेव्हा उत्तर एकदम सुचण्याच्या सुमारे एकतृतीयांश सेकंद आधी उजव्या कानाच्या वरच्या बाजूच्या भागात वेगवान लहरींची उसळी दिसली, आणि त्याच्याही थोडे आधी दृष्टीशी संबंधित भागात मंद लहरी वाढलेल्या दिसल्या, जणू मेंदूने क्षणभर बाहेरचे दृश्य बाजूला सारले. विचार करताना आपण छताकडे किंवा खिडकीबाहेर का पाहतो याचे हे एक उत्तर असू शकेल. (होय, ती उसळी उजवीकडे होती. दूरचे शब्दसंबंध जुळवण्यात उजव्या बाजूचा वाटा आहेच. मात्र तो शिबिरात जागा करावा लागत नाही.) उघड्या लॅपटॉपचा पडदा आणि त्यावर लुकलुकणारा कर्सर या बाबतीत तुमच्या बाजूने नाहीत, फोन तर मुळीच नाही. स्वयंपाक करताना कानात काही लावून ऐकत असाल तर काही दिवस ते बंद ठेवून पाहा. ओट्यापाशी एक छोटी वही आणि पेन्सिल असू द्या. स्कूटरवर सुचलेले लिहिण्यासाठी मात्र गाडी बाजूला घेऊन थांबा. नाटकापेक्षा मणका महत्त्वाचा.

स्कूटरऐवजी चालत जाता आले तर अधिक बरे. स्टॅनफर्डमधील मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांच्या नव्या कल्पनांचे प्रमाण सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी अधिक भरले, तेही कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या ट्रेडमिलवर. पण ज्या कामात एकच बरोबर उत्तर शोधायचे होते त्यात चालण्याचा लाभ झाला नाही, उलट किंचित तोटाच दिसला. तेव्हा पंचवीस गोष्टींची यादी आमराईच्या फेऱ्यांत करा आणि त्यांतली कोणती ठेवायची हे घरी बसून ठरवा.

रात्रीचे दहा ते बारा हे तास मला मान्य नाहीत. दिवसभर बँक, संध्याकाळी घर आणि मग झोपेतून कापून काढलेले दोन तास, हा सौदा तोट्याचा आहे. जर्मनीत उलरिख वाग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली लोकांना आकड्यांचे एक कंटाळवाणे काम दिले, ज्यात एक छुपी युक्ती दडलेली होती. मध्ये आठ तास झोपून आलेल्यांपैकी ज्यांना ती युक्ती सापडली त्यांचे प्रमाण, तेवढाच वेळ जागे राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते. पॅरिसमधील संशोधकांनी २०२१ साली असेच काम घेऊन आणखी बारीक पाहिले. झोपेच्या अगदी पहिल्या, गुंगीच्या टप्प्यात किमान पंधरा सेकंद राहिलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांना युक्ती सापडली, पूर्ण जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना, आणि त्यापुढच्या गाढ टप्प्यात गेलेल्यांपैकी अवघ्या १४ टक्क्यांना. रविवारी दुपारी जेवणानंतर जी डुलकी लागते, ती लागण्याआधी दुसऱ्या अंकाचे एक पान वाचून पडा आणि डोळा लागता लागता काही तरळले तर उठून टिपून ठेवा. रोजच्या रात्री मात्र झोपा. लिहायचेच असेल तर पहाटे अर्धा तास, घर जागे होण्यापूर्वी. तुमच्या दिनक्रमात तो बसतो की नाही हे तुम्हीच ठरवू शकता.

स्पर्धेच्या धास्तीबद्दल दोन प्रयोग सांगते. सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ साली तो मेणबत्तीचाच प्रश्न काही लोकांना पैशांचे बक्षीस लावून सोडवायला दिला. पेटी भरलेली असताना बक्षिसवाल्यांना इतरांपेक्षा सरासरी सुमारे साडेतीन मिनिटे अधिक लागली. पेटी रिकामी ठेवलेल्या सोप्या प्रश्नात मात्र बक्षिसवालेच जलद निघाले. बक्षीस माणसाला सरळ रस्त्यावर पळवते, वळण दाखवत नाही. टेरेसा अमाबिले यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर लेखकांनाच घेतले होते. त्यांच्यातल्या काहींनी लिहिण्यापूर्वी काही मिनिटे केवळ आपण नाव, पैसा, शाबासकी यांसाठी का लिहितो यावर विचार केला, आणि तेवढ्याने त्यांच्या पुढच्या छोट्या कविता परीक्षकांना कमी कल्पक वाटल्या. स्पर्धेत उतरू नका असे मी म्हणत नाही. पण परीक्षक, फेरी आणि संघाचा विश्वास हे विषय यादी करण्याच्या पानापासून दूर ठेवा. खर्डा पूर्ण झाल्यावर वेळ बसवणे, प्रवेश कापणे, नेपथ्याचा खर्च आवरणे ही सरळ रस्त्याची कामे येतील, तेव्हा तीच धास्ती उपयोगी पडेल.

सगळे मिळून बसण्याची कल्पना चांगली, पण क्रम उलटा आहे. जाहिरात व्यवसायातील ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी समूहाने कल्पना काढण्याची पद्धत लोकप्रिय केली, आणि १९५८ साली येल विद्यापीठात तपासले गेले तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज अधिक भरली. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबं यांनी १९८७ साली याचे एक मोठे कारण दाखवले: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते, आणि थांबण्याच्या त्या वेळात स्वतःचे सुचणे खुंटते. हौशी संघात तर ज्याचा आवाज मोठा त्याचाच शेवट ठरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. प्रत्येकाला पहिला अंक वाचायला द्या, प्रत्येकाने घरी बसून पाच शक्यता चिठ्ठीवर लिहून आणाव्यात, चिठ्ठ्या नावाशिवाय वाचल्या जाव्यात आणि मग चर्चा व्हावी.

मुलाच्या सूचनेकडेही मी त्याच नजरेने पाहते. २०२४ साली अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांनी सुमारे तीनशे लोकांकडून आठ वाक्यांच्या कथा लिहून घेतल्या. काहींना एआयने सुचवलेल्या कल्पना पाहण्याची मुभा होती. त्यांच्या कथा वाचकांना सरस वाटल्या, विशेषतः मुळात कमी कल्पक असलेल्यांच्या. परंतु या सगळ्या कथा एकमेकींसारख्या होत गेल्या. तुमची तक्रारच मुळी अशी आहे की जे लिहिते ते इतरांसारखे होते. तेव्हा दहा शेवट आधी मागितलेत तर ते त्या पेल्यातल्या नळीसारखे डोक्यात बसतील. तुमची पंचवीसची यादी झाल्यावर हवे तर मुलाला शेजारी बसवून विचारा. यंत्राने दिलेले जे तुमच्या यादीतही असेल त्यावर संशय घ्या, कारण ते बहुधा सर्वांनाच सुचणारे आहे.

शेवटी एक कामाची गोष्ट. सहावी सुरुवात ठेवायची ठरवलीत तर पहिल्या अंकात मागे जावे लागेल. तिथे वकील तो कागद मोठ्याने वाचतात आणि तुम्ही त्यांच्या तोंडी केवळ ‘वगैरे वगैरे’ घातले आहे. त्या जागी भावांनी लिहून दिलेले बहिणीचे पूर्ण नाव उच्चारले गेले पाहिजे, आणि ते चुकीचे आहे हे प्रेक्षकांना तेव्हा कळता कामा नये. कोणते नाव लिहिले गेले असेल, हे तुम्ही बँकेत पाहिलेल्या प्रकरणांतूनच ठरवा.

आपली,
सदरलेखिका